कमलाबाई सोहोनी : वनस्पतीच्या पेशींतील श्वास

अक्कलकोटच्या मुलखांत व एकंदर सोलापूर जिल्ह्यांत पूर्वीं ज्वारी पेवांत सांठवून ठेवण्याची चाल होती. जमिनींत खोल खड्डा खणावा, बुडाशीं व कडेनें कडब्याचा थर द्यावा, आंत धान्य भरावें आणि तोंड झांकून वर माती लोटावी, अशी ही रीत. धान्याची सोय चांगली होई. परंतु पेव उघडल्यावर लागलेंच आंत उतरावयाचें नाहीं, असा जाणत्या माणसांचा सक्त नियम असे. कांहीं वेळ तें मोकळें ठेवावें, आंत वारा खेळूं द्यावा, मगच माणसानें खालीं पाय टाकावा. हा नियम ज्यांनीं मोडला त्यांपैकीं कित्येकांस प्राणास मुकावें लागलें आहे.

पेवांत माणसास मारणारें असें असतें तरी काय? कोणी म्हणे भूत, कोणी म्हणे जमिनींतील विषारी वाफ. खरी गोष्ट अशी कीं, पेवांत भरलेली ज्वारी निर्जीव नसते. पेरल्यावर जो दाणा उगवून येतो तो पेवांतही जिवंतच असतो, आणि जिवंत आहे म्हणूनच तो श्वास घेतो. आपल्याप्रमाणें तोही प्राणवायु घेतो व कार्बन डायऑक्साइड नांवाचा वायु बाहेर टाकतो. धान्यांत ओल राहिली तर हा श्वास अधिक जोरानें चालतो, बुरशी व किडे त्यांत आपली भर घालतात, धान्य तापतें, आणि बंद पेवांतील प्राणवायु कमी कमी होत जातो. आंत उतरणाऱ्याचा जीव गुदमरतो तो यामुळें.

ज्वारीचा दाणा श्वास घेतो हें खरें. परंतु त्याचा श्वास व माणसाचा श्वास एकाच जातीचे आहेत काय? झाडास नाक नाहीं, फुप्फुस नाहीं, रक्त नाहीं. मग त्याच्या अंगीं हें काम कोण करितें? या प्रश्नाच्या एका महत्त्वाच्या भागावर जिनें काम केलें ती एक मराठी स्त्री होती. डॉक्टर कमलाबाई सोहोनी यांस जाऊन आतां एक पिढी लोटली. त्यांचें नांव विद्वानांस ठाऊक आहे, पण खेड्यापाड्यांतील आमच्या बंधुभगिनींस तें ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें. म्हणून त्यांचें चरित्र आज सादर करीत आहों. मात्र त्यांचें काम समजण्यासाठीं पेशी म्हणजे काय हें आधीं सांगितलें पाहिजे.

वाडा जसा विटांनीं बांधलेला असतो, तसें प्रत्येक सजीवाचें शरीर पेशींनीं बांधलेलें असतें. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६६५ सालीं छापलेल्या आपल्या पुस्तकांत बुचाच्या पातळ कापाचें चित्र दिलें. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यास ओळीनें लहान लहान कप्पे दिसले होते. त्यांस त्यानें खोली या अर्थाचें नांव दिलें. त्या खोल्या रिकाम्या होत्या, कारण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. पुढें १८३८ सालीं श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं व १८३९ सालीं थिओडोर श्वान यानें प्राण्यांविषयीं असें प्रतिपादन केलें कीं, झाड असो वा जनावर, दोहोंचें शरीर पेशींचेंच घडलेलें आहे.

ही गोष्ट शाळेंतील साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं कोणासही पाहतां येते. कांद्याच्या पाकळीच्या आंतल्या बाजूस जो पातळ पापुद्रा असतो तो काढून पाण्याच्या थेंबांत ठेवावा व वर आयोडिनाचा थेंब सोडावा. भिंतींतील विटांप्रमाणें एकास एक लागून बसलेल्या लांबट पेशी दिसूं लागतात. प्रत्येकीच्या आंत एक पिवळसर तपकिरी ठिपका असतो, तें केंद्रक. आतां आपल्या गालाच्या आंतील बाजू स्वच्छ काडीनें हलकेच खरवडून तें द्रव्य तसेंच पाहावें. तेथेंही पेशी दिसतात, तेथेंही केंद्रक असतें. परंतु त्यांचा आकार विटेसारखा रेखीव नसतो. फाटक्या कागदाच्या तुकड्यांप्रमाणें त्या वेड्यावांकड्या पसरलेल्या असतात.

हा भेद कां पडतो? दोन्ही पेशींस बाहेरून एक अतिशय पातळ पडदा असतो. कोणता पदार्थ आंत घ्यावा व कोणता घेऊं नये याची निवड तो करितो. परंतु वनस्पतीच्या पेशीनें त्या पडद्याबाहेर आणखी एक मजबूत भिंत उभारलेली असते, तिला पेशीभित्तिका म्हणतात. कापसाचा धागा व ज्वारीचा कडबा यांत मुख्यतः याच भिंतींचें द्रव्य असतें. प्राण्याच्या पेशीस ही भिंत नाहीं, म्हणूनच आपलें अंग मऊ राहतें व आपणांस हालचाल करितां येते. वनस्पतीच्या पेशींत पाण्यानें भरलेली एक मोठी पिशवी असते, तीस रिक्तिका म्हणतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत रोपें माना टाकतात, त्याचें कारण या पिशव्यांतील पाणी उणें होतें. संध्याकाळीं पाणी दिलें कीं त्या पुन्हा फुगतात व रोप सरळ होतें. पानांच्या पेशींत हिरवे कण असतात, त्यांस हरितलवक म्हणतात. सूर्यप्रकाश, पाणी व हवेंतील कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न तयार करण्याचें काम तेथें चालतें. हें स्वयंपाकघर आपल्या पेशींत नाहीं. म्हणून आपणांस शेतावर अवलंबून राहावें लागतें.

भिंत, पिशवी व हिरवे कण हे भेद डोळ्यांस दिसतात; त्यामुळें झाड व माणूस ही दोन अगदीं वेगळीं कुळें आहेत असें सहज वाटतें. परंतु दोहोंच्या पेशींत केंद्रकाबाहेरच्या द्रवांत आणखी एक प्रकारचे अतिसूक्ष्म अवयव आहेत. त्यांस तंतुकणिका म्हणतात. हरितलवक अन्न बनवितात. तंतुकणिका तें अन्न प्राणवायूच्या साहाय्यानें हळूहळू जाळून त्यांतील शक्ति मोकळी करितात. ही चूल झाडाच्या पेशींतही आहे आणि माणसाच्या पेशींतही आहे. या चुलीच्या एका भागाशीं कमलाबाईंचें नांव जोडलेलें आहे. आतां त्यांच्या चरित्राकडे वळूं.

कमला भागवत यांचा जन्म १९११ च्या जून महिन्याच्या १८ तारखेस इंदूर येथें झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि बंगळूर येथील टाटांच्या विज्ञानसंस्थेंत शिकलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होत असे. लोकसाहित्याच्या अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या दुर्गाबाई भागवत या त्यांच्या वडील भगिनी. अशा विद्याप्रेमी घरांत वाढलेल्या या मुलीनें वडिलांच्याच वाटेनें जाण्याचें ठरविलें. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनीं पहिल्या क्रमांकानें मिळविली; विषय होते रसायन व भौतिक.

पुढील शिक्षणासाठीं बंगळूरच्या त्याच संस्थेकडे त्यांनीं अर्ज केला. गुणांच्या जोरावर प्रवेश मिळण्यांत कांहीं अडचण नसावयास पाहिजे होती. परंतु त्या वेळीं संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळविलेल्या या थोर शास्त्रज्ञानें अर्ज नाकारला, आणि नाकारण्याचें कारण एवढेंच कीं अर्जदार स्त्री आहे. कमलाबाई बंगळूरास गेल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि आपणांस कां घेत नाहीं याचें कारण विचारूं लागल्या. त्या मागें हटेनात. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें वर्ष त्यांस रीतसर विद्यार्थिनी मानावयाचें नाहीं. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणें रात्रीं उशिरापर्यंतही काम करावयाचें. आणि त्यांच्यामुळें पुरुष विद्यार्थ्यांचें लक्ष विचलित होतां कामा नये. या अटी अपमानकारक होत्या, हें त्या कधींही विसरल्या नाहींत. उतारवयांतही ती सल त्यांच्या मनांत होती. परंतु त्या वेळीं त्यांनीं अटी पत्करल्या व कामास लागल्या.

तेथें श्रीनिवासय्या नांवाचे गुरु त्यांस लाभले. ते शिस्तीचे कडक, पण विद्यार्थिनीची योग्यता ओळखणारे होते. त्यांच्या हाताखालीं कमलाबाईंनीं दूध, डाळी व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष सरलें, काम पाहून रामन यांचें समाधान झालें व प्रवेश कायम झाला. १९३६ सालीं त्यांनीं उच्च पदवी विशेष गुणवत्तेनें मिळविली. या कामाचें खरें फळ मात्र पदवीहून मोठें होतें. त्यांच्या उदाहरणानंतर त्या संस्थेचें दार इतर मुलींसही उघडलें. एका मुलीनें एक वर्ष सोसलें, आणि मागून येणाऱ्यांची वाट मोकळी झाली.

त्यानंतर त्या इंग्लंडांत केंब्रिज येथें गेल्या व १९३७ सालीं तेथील न्यूनहॅम कॉलेजांत दाखल झाल्या. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा त्या वेळीं जगांत नांवाजलेली होती. जीवनसत्त्वांविषयींच्या कामाबद्दल हॉपकिन्स यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. तेथें कमलाबाईंनीं प्रथम डेरेक रिक्टर यांच्याजवळ काम केलें, व नंतर रॉबिन हिल यांच्याजवळ वनस्पतींच्या पेशीजालांचा अभ्यास आरंभिला. हिल हे पुढें हरितलवकांविषयींच्या संशोधनामुळें प्रसिद्ध झाले.

अभ्यासासाठीं पदार्थ घेतला तो बटाटा. बटाट्यास पान नाहीं, हिरवा रंग नाहीं. तो जमिनींत अंधारांत वाढतो. म्हणजे येथें सूर्यप्रकाशानें अन्न करण्याचा प्रश्न नाहीं. येथें केवळ सांठविलेल्या अन्नावर श्वास घेत राहणें आहे, पेवांतील ज्वारीप्रमाणेंच.

याच केंब्रिज नगरांत १९२५ सालीं डेव्हिड केलिन यांनीं सायटोक्रोम नांवाच्या रंगद्रव्यांविषयींचें आपलें संशोधन प्रसिद्ध केलें होतें. या नांवाचा अर्थच पेशींतील रंग असा आहे. कीटकांच्या स्नायूंत, किण्वांत व इतरत्र तीं त्यांस दिसलीं होतीं. या द्रव्यांपैकीं सायटोक्रोम-सी हें एक लहानसें प्रथिन असून त्याच्या पोटांत लोहाचा एक अणु असतो. आपल्या रक्ताच्या लाल रंगांतही लोहाचाच भाग आहे. तें रक्त प्राणवायु वाहून आणतें, आणि पेशींत पोंचल्यावर जें काम व्हावयाचें त्यांत सायटोक्रोम भाग घेतात.

तें काम असें. माळ्यावर विटा चढवावयाच्या असल्या म्हणजे शिडीवर माणसें ओळीनें उभीं राहतात व घमेलें एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत जातें. पेशींत अन्नाचें ज्वलन होतांना जे विद्युत्कण सुटतात ते याच रीतीनें हातोहात पुढें दिले जातात. सायटोक्रोम-सी हा त्या ओळींतील एक गडी. शेवटच्या टोकास प्राणवायु उभा असतो. तो ते कण स्वीकारतो व त्यांतून पाणी तयार होतें. वाटेंत जी शक्ति सुटते ती पेशी आपल्या कामासाठीं राखून ठेविते. प्राणवायु नसेल तर शेवटचा हात रिकामा राहात नाहीं, सगळी ओळच थांबते. पेवांत उतरलेल्या माणसाचें असेंच होतें. ही ओळ तंतुकणिकांच्या आंत असते हें पुढील संशोधनानें ठरलें. सायटोक्रोम-सी त्यांच्या दोन पडद्यांमधील फटींत असतें.

कमलाबाईंस बटाट्याच्या पेशींत हेंच सायटोक्रोम-सी आढळलें, आणि वनस्पतींच्या श्वसनांतही त्याचा भाग आहे हें त्यांच्या कामावरून दिसून आलें. बाहेरची भिंत वेगळी, आंतली चूल तीच. झाडाच्या पेशीस नाक नको, फुप्फुस नको. तिच्याजवळ शक्ति मोकळी करण्याची तीच हातोहातची ओळ आहे जी माणसाच्या पेशीजवळ आहे. या विषयावरचा त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता, आणि तो इंग्लंडांत पोंचल्यापासून सुमारें १४ महिन्यांत पुरा झाला. १९३९ सालीं केंब्रिजनें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. विज्ञानांत अशी पदवी मिळविणाऱ्या अगदीं पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्याच वर्षीं त्या स्वदेशीं परतल्या. दिल्लीस स्त्रियांच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयांत जीवरसायनाचा विभाग त्यांच्याकडे आला. नंतर कुन्नूर येथील पोषणसंशोधनाच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं जीवनसत्त्वांवर काम केलें. १९४७ सालीं विमागणिताचे तज्ज्ञ श्रीयुत सोहोनी यांच्याशीं विवाह होऊन त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञानसंस्थेंत जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या.

येथून त्यांच्या कामाचा रोख गरिबाच्या ताटाकडे वळला, आणि आमच्या वाचकांस हा भाग विशेष जवळचा वाटेल. भाकरी, तुरीचें वरण, कांदा हें या मुलखाचें जेवण. दूध व अंडीं ज्यास परवडत नाहींत त्याचें प्रथिन मुख्यतः डाळींतून येतें. कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांनीं वालासारख्या कडधान्यांचा अभ्यास केला. कच्च्या कडधान्यांत असे पदार्थ असतात कीं ते आपल्या पोटांतील प्रथिन पचविणाऱ्या रसाचें काम अडवून धरितात. वनस्पति आपल्या बियांच्या पेशींत ही एक प्रकारची राखण ठेवीत असते. चांगलें शिजविल्यानें ही अडवणूक बव्हंशीं नाहींशी होते. डाळ मऊ शिजवावी, अर्धी कच्ची मुलांस देऊं नये, हा आमच्या आजीबाईंचा आग्रह नुसता चवीसाठीं नव्हता.

राष्ट्रपति डॉक्टर राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनीं नीरेचाही अभ्यास केला. ताडीच्या जातीच्या झाडांचा ताजा रस म्हणजे नीरा. तो तसाच राहिला तर किण्वाच्या पेशी त्यांत वाढून त्याची मादक ताडी बनते. ताजा व स्वच्छ ठेविला तर तो अन्न आहे. त्यांत जीवनसत्त्वें व लोह असतें असें त्यांच्या प्रयोगशाळेंत दिसून आलें, व आदिवासी समाजांतील कुपोषित मुलांस व गरोदर स्त्रियांस नीरा दिल्यानें त्यांची प्रकृति सुधारली. या कामाबद्दल त्यांस राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें.

तरीही वाट सरळ नव्हती. विज्ञानसंस्थेचें संचालकपद त्यांच्या वांट्यास योग्यतेनें यावयाचें होतें, पण तें चार वर्षें लांबलें. पूर्वीं दार उघड लावून घेतलें होतें. या वेळीं तें फक्त लोटून ठेविलें होतें. अखेर तें पद त्यांस मिळालें व त्यांनीं तें उत्तम रीतीनें सांभाळलें.

१९६६ सालीं मुंबईंत नऊ स्त्रियांनीं मिळून ग्राहकांच्या हितासाठीं एक संस्था स्थापन केली, तींत कमलाबाई होत्या. दुकानांतील माप खरें आहे काय, तेलांत व मसाल्यांत भेसळ आहे काय, हें सामान्य गृहिणीस समजावें म्हणून त्यांनीं लेख लिहिले व लोकशिक्षण केलें. १९८२-८३ सालीं त्या या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. केंब्रिजच्या प्रयोगशाळेंत मिळविलेली विद्या त्यांनीं किराणा दुकानाच्या पायरीपर्यंत आणिली.

१९९८ सालीं वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय परिषदेनें दिल्ली येथें त्यांचा सत्कार केला. त्या समारंभांतच त्यांस अस्वास्थ्य वाटून त्या खालीं कोसळल्या, आणि थोड्याच अवकाशानें, जून महिन्याच्या २८ तारखेस, त्यांचें देहावसान झालें.

वाचकहो, या चरित्रांतून काय घ्यावें? पहिली गोष्ट ही कीं, मळ्यांतील बटाटा, पोत्यांतील ज्वारी व घरांतील मूल यांच्या पेशींत एकच काम एकाच रीतीनें चाललेलें आहे. म्हणून बियाणें सांठवितांना तें जिवंत आहे हें लक्षांत ठेवावें. तें नीट वाळवावें, ओल राहूं देऊं नये. आणि जेथें अजून पेवें किंवा धान्याचीं बंद कोठारें असतील तेथें एकदम आंत उतरूं नये, कोणास वरून दोरी धरून उभें केल्यावांचून तर नाहींच. हा नियम पाळल्यानें माणसें वांचतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्या गांवांत अजूनही एखाद्या हुशार मुलीची शाळा सातवी-आठवीनंतर सुटते. शाळा दूर आहे, किंवा लग्नाचें पाहावयाचें आहे, अशीं कारणें सांगितलीं जातात. ज्या मुलीस जगांतील एका मोठ्या शास्त्रज्ञानें केवळ मुलगी म्हणून परत पाठविलें होतें, तिनेंच सहा वर्षांनंतर बटाट्याच्या पेशींतील श्वासाविषयीं नवें ज्ञान जगास दिलें. रामन मोठे होते. परंतु या एका बाबतींत त्यांची चूक झाली, व ती त्यांस कामानेंच दाखवून द्यावी लागली. आपल्या घरीं ही चूक होऊं नये. अक्कलकोटच्या शाळेंत कांद्याचा पापुद्रा कांचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकांत डोकावणारी एखादी मुलगी आज असेलच. तिला तेथून उठवूं नये. तिचें पाहणें पुरें होऊं द्यावें.